बाधा, वेड, विकार, आजार : कृष्णाकाठच्या मनोदुःखाची चार नावे

शरीराच्या दुखण्याचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते. पटकी केव्हा आली, प्लेगाने किती घरे ओस पाडली, देवीची लस प्रथम कोठे टोचली गेली, यांची नोंद कोठे ना कोठे सापडते. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. ते माजघरात जन्मते, तेथेच वाढते आणि पुष्कळदा तेथेच संपते. त्याची नोंद सरकारी दप्तरात क्वचितच होते. होते ती शेजारणींच्या कुजबुजीत. म्हणून या दुखण्याचा इतिहास शोधावयाचा, तर कागदपत्रांइतकाच आपल्या बोलीकडे कान द्यावा लागतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता तसा एक प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत. १९४९ पर्यंत या दोन जिल्ह्यांचा बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात मोडत होता. पुढे दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी कृष्णा एक आहे आणि बोलीही एक आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, दुखण्याला आपण ज्या नावाने हाक मारतो, त्या नावाचे दार आपण ठोठावतो. बाधा म्हटले की देवरुष्याचे दार. वेड म्हटले की फौजदाराचे. विकार म्हटले की ज्याचे त्याच्याच अंतःकरणाचे. आजार म्हटले की वैद्याचे. नाव बदलले म्हणजे वाट बदलते. आणि वाट चुकली म्हणजे माणसाच्या आयुष्यातली वर्षे जातात.

आमच्या लहानपणी कृष्णाकाठच्या आमच्या गावी, शेजारच्या वाड्यात एक वहिनी राहत. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्या गप्प झाल्या. मूल रडे, पण त्या उठत नसत. घागर घेऊन नदीवर जात आणि घाटाच्या पायरीवर तासन् तास बसून राहत. पहिले काही महिने घरातली माणसे म्हणत, ‘मनाला लावून घेतलंय, होईल बरी.’ मग कोणीतरी म्हणाले, ‘बाहेरचं असंल.’ अमावास्येचे उतारे झाले, अंगारे झाले, मिरच्यांची धुरी झाली. वर्ष-दीड वर्षाने ‘बाहेरचं’ हा शब्द मागे पडून ‘वेडी’ हा शब्द आला, आणि त्या शब्दाबरोबर वहिनींची रवानगी माहेरी झाली. तेथल्या शाळेतील एका मास्तरांनी त्यांच्या वडिलांना समजावून मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू झाले आणि दोन-तीन महिन्यांत वहिनी स्वयंपाकघरात वावरू लागल्या. त्या सासरी परत आल्या, तेव्हा त्यांचा धाकटा पाच वर्षांचा झाला होता आणि तो चुलतीला आई म्हणत होता. औषधाला तीन महिने लागले. औषधापर्यंत पोचावयाला पाच वर्षे लागली. ही पाच वर्षे कोठे गेली, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

आपली बोली मनाच्या बाबतीत दरिद्री आहे, असे मात्र कोणी समजू नये. धसका घेणे, हाय खाणे, झुरणी लागणे, जीव उडून जाणे, खंत करणे, हुरहूर लागणे, धास्ती बसणे, मनाला लावून घेणे — इतक्या बारकाव्याचे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या माणसांनी मनाकडे कधी पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. जात्यावर बसलेल्या सासुरवाशिणीने या साऱ्या छटा ओवीत गायल्या आहेत. पहाटेच्या अंधारात, दगडाच्या घरघरीच्या आडोशाने, ऐकणारे कोणी नाही अशा धिटाईने तिने आपले मन मोकळे केले. परंतु हे शब्द दुःखाच्या आरंभाचे आहेत. दुःख महिनोन् महिने हटले नाही, झोप गेली, जेवण तुटले, कामातून माणूस उठला, म्हणजे या शब्दांची धाव संपते. आणि तेथून बोली एकदम उडी मारते ती ‘बाधा’ किंवा ‘वेड’ या शब्दांवर. मधल्या पायऱ्या नाहीत. वहिनींचे घर जिन्यावरून कोसळले ते याच ठिकाणी.

आता या चार नावांपैकी पहिले नाव घेऊ. बाधा, लागीर, झपाटणे, करणी, बाहेरचे — शब्द अनेक, कल्पना एक : जे दुखते आहे ते या माणसाचे नव्हे, बाहेरून त्याच्यात शिरलेल्या कशाचे तरी आहे. सुशिक्षित माणूस या कल्पनेस हसतो. आम्हीही हसत असू. पण इतिहास समजून घ्यावयाचा, तर ही कल्पना इतकी शतके का टिकली, हे विचारावयास हवे. एक तर या कल्पनेत रोग्याला दोष नव्हता. ‘तू कमकुवत आहेस’ असे त्याला कोणी म्हणत नसे; दोष भुताचा. दुसरे, देवरुष्याकडे रोगी एकटा जात नसे. सारे घर, कधी सारी भावकी, त्याच्याबरोबर चाले. तिसरे, देवरुषी प्रश्न विचारी. घरात कोणाशी भांडण झाले, कोणाचे देणे राहिले, कोणता नवस चुकला, हे तो खोदून काढी. आणि ज्या घरात कोणी कोणाचे ऐकत नाही, तेथे एवढे ऐकून घेणे हाही दिलासा होता. अंगात येणे याकडेही असेच पाहता येते. एरवी तोंड वर करून न बोलणारी सून अंगात आले म्हणजे घुमू लागे, आणि तिच्यापुढे सासू-सासरे हात जोडून उभे राहत. जे सुनेला बोलता येत नव्हते, ते देवीला बोलता येत होते.

परंतु या दिलाशाची किंमत फार जबर होती. भूत बोलत नाही म्हणून चाबूक, भूत निघत नाही म्हणून मिरच्यांची धुरी, भूत पळू नये म्हणून साखळदंड. आणि हे सारे प्रत्यक्षात सोसावे लागे ते भुताला नव्हे, हाडामांसाच्या माणसाला. वाई तालुक्यातील मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईचे ठाणे आहे. पौषी पौर्णिमेच्या यात्रेस लाखो भाविक तेथे जातात. बहुतेक जण साध्या श्रद्धेने येतात. काही मात्र घरातील ‘लागलेले’ माणूस घेऊन येतात. त्या डोंगरावरील झाडांना ठोकलेली लिंबे, बिब्बे, काळ्या बाहुल्या आणि माणसांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना एकेका खिळ्यामागे एकेका घराचे भय दिसले असेल. याच डोंगरावर २५ जानेवारी २००५ रोजी निसरड्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, आणि सुमारे तीनशे माणसे मरण पावली. त्या दिवशीचा अनर्थ गर्दीचा होता, बाधेचा नव्हता, हे खरे. पण आपल्या दुःखाला जवळचे दुसरे दार माहीत नसल्यामुळे किती माणसे दर वर्षी तो घाट चढत आली, हा प्रश्न त्या दिवसानंतर टाळता येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भूतबाधेची कल्पना जुनी आहे म्हणून तीच आपली एकमेव परंपरा, असे नव्हे. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी चार शरीरातील दोषांमुळे होणारे व एक आगंतू. आणि आगंतू उन्मादाविषयी लिहितानाही, मनुष्याने आपल्या दुःखाचे खापर देव, गंधर्व व राक्षस यांच्यावर फोडू नये, त्याचे मूळ स्वतःच्या प्रज्ञापराधात पाहावे, असे चरक बजावतो. त्याने चिकित्सेचे तीन मार्ग मानले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मनाला अहितकर विषयांपासून आवरणे हा त्यांतला तिसरा. म्हणजे मंत्र, औषध आणि मनाशी संवाद ही तिन्ही दारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. गावात मात्र त्यांतले पहिलेच तेवढे उघडे राहिले.

दुसरे नाव वेड. हा शब्द जुना. पण त्याला कायद्याचा अर्थ आला तो इंग्रजी अमलात. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि दहाच वर्षांनी, १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा छत्तिसावा कायदा झाला. त्यानुसार भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलिसाने पकडावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, डॉक्टरने तपासावे आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम देऊन इस्पितळात पाठवावे, असा क्रम ठरला. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने असल्यामुळे हा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता. सातारा, कराड, तासगाव ही गावे मात्र त्याच्या कक्षेत आली. या भागाला जवळची वेड्यांची इस्पितळे म्हणजे धारवाडचे, १८४५चे, रत्नागिरीचे, १८८६चे, आणि पुण्याजवळचे येरवड्याचे. खटाव-माणच्या किंवा जतच्या शेतकऱ्याला यांपैकी एकही ‘जवळ’ नव्हते. एकदा माणूस तेथे पोचविला म्हणजे त्याला भेटावयास जाणे हीच एक यात्रा होई.

या व्यवस्थेने काही जिवांना निवारा दिला, हे नाकारून चालणार नाही. पण तिने वेड या शब्दाला चोरीदरोड्याच्या शेजारी नेऊन बसविले. डॉक्टरच्या आधी शिपाई आणि औषधाच्या आधी हुकूम, असा ज्या दुखण्याचा रस्ता, ते दुखणे घराने लपवावे यात नवल कोणते? १९१२च्या नव्या कायद्याने ही इस्पितळे तुरुंगखात्याच्या पद्धतीतून काढून सिव्हिल सर्जनांच्या देखरेखीखाली आणली, पुढे त्यांचे नावही बदलून ‘मनोरुग्णालय’ झाले. तरी लोकांच्या तोंडी ‘येरवड्याला धाडा’ ही शिवीच राहिली. येरवडा म्हटल्यावर तुरुंग म्हणावयाचे की इस्पितळ, हा भेद ऐकणाऱ्याला करावाच लागत नसे. दोन्हींचा अर्थ एकच : माणूस आपल्यातून गेला.

वेड हा शब्द ठरविणार कोण, या प्रश्नाने त्या काळी एक मोठे वादळ उठविले, आणि त्याचा धागा थेट आपल्या जिल्ह्याशी येऊन मिळतो. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना भ्रमिष्ट ठरवून बंदोबस्तात ठेवण्यात आले होते. महाराज खरोखर वेडे आहेत की त्यांना छळून वेडे केले जात आहे, या प्रश्नावर केसरी व मराठा या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. आधाराला घेतलेली पत्रे बनावट ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना १८८२ साली शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. त्यांतले गोपाळ गणेश आगरकर हे कराडजवळच्या, कृष्णाकाठच्या टेंभू गावचे. तुरुंगात आगरकरांनी काम केले ते कशावर? शेक्सपिअरच्या हॅम्लेटवर — म्हणजे वेडा की वेडाचे सोंग घेतलेला, हे ज्याच्याविषयी कोणालाच ठरविता येत नाही, अशा एका राजपुत्राच्या नाटकावर! ते भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीवरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत कोल्हापूरच्या महाराजांचा अंत झाला. वय अवघे वीस. राजाची ही कथा. मग रयतेतील ‘वेड्या’ची दाद कोणी घ्यावी?

आगरकरांनी आपल्या नाटकाला नाव दिले ‘विकारविलसित’. येथे आपल्याला तिसरे नाव भेटते. शोक, संशय, क्रोध, भय हे बाहेरून येत नाहीत. ते आपल्याच मनाचे खेळ आहेत, आणि पुरते वेडे न होताही माणूस त्यांच्या आवर्तात सापडू शकतो, हे या एका शब्दात आले. सांगलीजवळच्या, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी हाच विचार रंगभूमीवर हसत-खेळत मांडला. १८९३ सालचे त्यांचे ‘फाल्गुनराव’ हे नाटक पुढे १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ या रूपाने आले. एक तसबीर भलत्याच्या हाती लागते काय, आणि नवरा बायकोवर व बायको नवऱ्यावर वहीम घेते काय! भूत नाही, करणी नाही, फौजदार नाही. आहे तो फक्त संशय, आणि तो पुराव्यावाचून कसा फोफावतो याचे चोख निरीक्षण. प्रेक्षक फाल्गुनरावाला हसत घरी गेले, आणि वाटेत त्यांतल्या काहींना तरी आपले घर आठवले असेल. मानसशास्त्राची पुस्तके जेथे पोचली नव्हती, तेथे हे काम नाटकाने केले.

या तिसऱ्या नावाची एक जुनी बैठक आपल्याकडे होतीच. सज्जनगडाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या समर्थांनी २०५ श्लोक खुद्द मनालाच उद्देशून रचले, आणि त्या मनाला शिवीगाळ न करता भल्या माणसासारखे संबोधून समजावले. रोज संध्याकाळी ते श्लोक म्हणत वाढलेल्या पिढ्यांना, मनाशी बोलता येते, ही गोष्ट कोणी वेगळी शिकवावी लागली नाही.

तथापि विकार या शब्दालाही एक मर्यादा आहे. त्याचे दार आत उघडते. उपाय सांगतो तो ‘मन आवर’ एवढाच. रागाला, हेव्याला, रोजच्या काळजीला हा उपाय लागू पडतो. पण ज्याचे आवरण्याचे साधनच दुखावले आहे, त्याला ‘मन खंबीर कर’ असे सांगणे म्हणजे मोडल्या पायाच्या माणसाला चालून दाखव म्हणण्यासारखे आहे. घाटाच्या पायरीवर बसलेल्या वहिनींना असा उपदेश करणारे पुष्कळ होते. भुताने रोग्याला निदान निर्दोष ठेवले होते. विकाराने त्याच्यावर दुबळेपणाचा ठपका ठेवला.

चौथे नाव सर्वांत साधे, आणि ते यावयास सर्वांत उशीर लागला : आजार. त्याची बातमी एका परीने आपल्याच रानावनातून आली. सर्पगंधेची मुळी उन्मादावर आपल्या देशात पूर्वापार दिली जात असे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद या दोहोंवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांस देण्यास आरंभ झाला. ज्यांना जन्मभर कोंडून ठेवावे लागेल असे वाटे, त्यांतले कित्येक घरी परतू लागले. पन्नाशीच्या त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत राहावयास बोलाविले, आणि घरची माणसे उपचारात सामील झाली म्हणजे रोगी लवकर सुधारतो, हे दाखविले. देवरुष्याकडे सारे घर बरोबर जात असे. तेच घर आता औषधाबरोबर आले.

आपल्या भागात मिरजेस डॉ. वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली उभे राहिले आणि १९६२ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या महाविद्यालयात शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी दवाखाना सोडून ज्या कामाला वाहून घेतले, ते एका अर्थाने या चार नावांमधील भांडण सोडविण्याचेच होते. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन अंगात येणे, भानामती, जट यांच्यामागची मने वाचली. साताऱ्यात त्यांनी ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीचे काम करणारी संस्था उभी केली. दारू हेही पुष्कळदा न बोललेल्या दुःखाचेच तोंड असते, हे त्या कामाने दाखविले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा संमत झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. यात्रा, कीर्तन, भजन यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही.

शब्दांचे कामही या जिल्ह्यातच झाले. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. त्यात मज्जाविकृती, चित्तविकृती, छिन्नमानस असे शब्द योजून मनोविकारांचे शास्त्र मराठीत आणले गेले. मांढरदेवचा डोंगर आणि विश्वकोशाची कचेरी एकाच तालुक्यात आहेत! मधले अंतर मात्र मैलांनी मोजण्यासारखे नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला पूर्ण बंदी केली, उपचार हा हक्क मानला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नसून तीव्र ताणाखाली असलेला, मदतीस पात्र माणूस आहे, असे गृहीत धरले. १८५८ साली शिपायाच्या हाती दिलेला माणूस एकशे एकोणसाठ वर्षांनी कायद्याने वैद्याच्या हाती दिला. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. कायदा बदलला, माजघरातील कुजबूज अद्याप बदललेली नाही.

ती बदलणे कोणाच्या हाती आहे? आम्हांस वाटते, वसंतातल्या संध्याकाळी चार शब्द ऐकावयास जमणाऱ्या आपल्यासारख्यांच्याच. यासाठी मोठी विद्या लागत नाही. घरातले कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ झोपत नसेल, जेवत नसेल, कशातच त्याचे मन लागत नसेल, तर ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावे. जगणे नको, असे कोणी बोलून दाखविले, तर ते बोलणे उडवून लावू नये. त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तिचा उपयोग करावा. देवाला नवस बोलावयाचा असेल तर खुशाल बोलावा. पण त्याच दिवशी औषधही आणावे. देवीने औषधाला कधी मनाई केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

वहिनी आता नाहीत. त्या बऱ्या झाल्यावर आमच्या आईने एकदा त्यांना विचारले होते, ‘त्या वेळी घाटावर बसून काय हो पाहत होता?’ त्या म्हणाल्या, ‘काहीच नाही. कोणी येऊन जवळ बसतंय का, एवढंच वाटायचं.’ आमचे घर घाटापासून वीस पावलांवर होते.